जालना ते तीर्थपुरी, छातीवर ओलं बारदान

जालन्याच्या दवाखान्यातून गाडी निघाली तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती सीटबेल्टची. नुकतीच माझ्या छातीची शस्त्रक्रिया झाली होती. घरच्यांनी मला मुलगी म्हणून वाढवलं. मी पुरुष आहे हे घरी सांगेपर्यंत तिशी उलटली. आता छातीही माझ्याजोगती झाली होती. म्हणजे झाली असावी. पट्ट्यांखालचं मी अजून पाहिलं नव्हतं. नर्सबाईंनी पट्टा आणि छाती यांच्यामध्ये एक छोटी उशी सरकवली आणि बजावलं, ‘‘हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत. पट्टी भिजू द्यायची नाही.’’ अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा खाली औषधं आणायला गेले होते.

अण्णांची तीर्थपुरीजवळ मोसंबीच्या कलमांची रोपवाटिका आहे. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून सगळं समजावलं होतं. छाती लहान असली तर स्तनाग्राच्या कडेनं बारीक चीर देऊन काम भागतं. माझं तसं भागणार नव्हतं. छातीखाली दोन्हीकडे लांब चिरा घ्यायच्या, आतला भाग काढायचा, स्तनाग्रं पूर्ण सुटी करायची आणि आकार कमी करून पुरुषाच्या छातीवर असतात त्या जागी पुन्हा शिवायची. ‘‘तुम्ही मोसंबीला डोळा भरता ना, एका झाडाचा डोळा काढून दुसऱ्याच्या सालीत बसवता, तसंच समजा,’’ डॉक्टर म्हणाले. अण्णांनी त्या दिवशी पहिल्यांदाच मान हलवली. मी एवढंच विचारलं, ‘‘ती जगली नाहीत तर?’’ ‘‘बहुतेक वेळा जगतात.’’ त्या ‘बहुतेक’नं माझी झोप उडवली होती.

एमआयडीसीच्या रस्त्यावर कारखान्यांची पाळी सुटलेली. मोटारसायकलींचा लोंढा, आणि आमच्या पुढ्यात सळया भरलेला टेम्पो. सळयांची टोकं बाहेर हलत होती आणि माझा जीव टांगणीला. रफीकभाईंनी, भाड्याच्या गाडीच्या चालकांनी, आरशातून पाहिलं. ‘‘भैय्या, बिलकुल फिकर करू नका. अंड्याचे ट्रे नेल्यावानी नेतो.’’ आणि पहिलाच गतिरोधक त्यांना दिसला नाही. मी डोळे मिटून दोन्ही हात उशीवर दाबले. टाका तुटला असेल, कलम सरकलं असेल, काय काय मनात येऊन गेलं.

अंबडला चहाला थांबलो. मला हात उचलता येत नव्हता, म्हणून अण्णांनी बशी माझ्या तोंडाला लावली. हॉटेलवाल्या मावशींनी विचारलं, ‘‘काय झालं व भाऊला?’’

‘‘आप्रेशन. छातीचं.’’

‘‘हार्टचं? एवढ्या कवळ्या वयात!’’

‘‘हां, तसंच समजा,’’ अण्णा म्हणाले आणि स्वतःचा चहा तसाच टाकून उठले. मावशींनी पुडीत गरम भजी बांधून दिली, पैसे घेतले नाहीत. हार्टवाल्याला भजी! पण हसलो असतो तर टाके दुखले असते.

अंबडच्या पुढे मोसंबीच्या बागा लागल्या. ऊन रणरणत होतं, गाडीचा एसी नावालाच. गोळ्यांनी मला गुंगी आली. जाग आली ती छातीवरच्या गारव्यानं. शर्टावरून एक बारदान (गोणपाट) गुंडाळलेलं, पाण्यानं निथळणारं. शर्ट भिजला होता, आत छातीला आवळून बांधलेला दवाखान्याचा पट्टा भिजला होता.

‘‘अण्णा! हे काय केलं?’’

अण्णा दचकले. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. ‘‘डॉक्टरच म्हणले ना, डोळा भरल्यावानी हाय. ऊन किती हाय बघ. डोळकाडी (कलमाचे डोळे असलेली फांदी) आम्ही अशीच ओली करून नेत राह्यलो आजवर. सुकली का गेली.’’

मी बारदान ओढून बाजूला केलं आणि डॉक्टरांना फोन लावला. रफीकभाईंनी न विचारता गाडी वळवली. डॉक्टर फोनवर म्हणाले, ‘‘लगेच या. पट्टी सोडू नका.’’ परतीच्या रस्त्यावर अण्णांनी बारदान पिळून मांडीवर घेतलं होतं आणि त्यांचं धोतर भिजत चाललं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्ट्या कापल्या, स्तनाग्रांवर शिवलेला कापूसही काढला. इतकी वर्षं मनात धरलेली सपाट छाती समोर होती, आणि आनंद व्हायला भीतीनं जागाच ठेवली नव्हती. डावं स्तनाग्र गुलाबी होतं. उजवं काळं पडलेलं.

अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे होते. तसेच म्हणाले, ‘‘डॉक्टर, म्या मारलं का ओ ते?’’

‘‘काळं म्हणजे मेलंच असं नाही. वरची साल जाते, खालून नवी येते. आणि पाणी न लागताही असं होतं, काका.’’

अण्णांनी ते ऐकलं, पण मानलं नाही. कोरडी पट्टी बांधून आम्ही पुन्हा तोच रस्ता धरला. या खेपेला ते पुढच्या सीटवर बसले. मला पाणी हवं होतं तेव्हा बाटलीसुद्धा त्यांनी रफीकभाईंच्या हातून दिली.

उजवं जगलं, पण सगळं नाही. कडेचा एक तुकडा गळून पडला आणि तिथं पांढरट चट्टा राहिला. मला त्याचं काही वाटत नाही. मित्राच्या विहिरीत मी उघड्या अंगानं उडी मारतो, चार लोकांत बिनधास्त अंग पुसतो. ‘‘दोन्ही जगली ना?’’ अण्णा अजून विचारतात आणि मी ‘‘हो’’ म्हणतो. उन्हाळ्यात गावी गेलो की संध्याकाळी घरचे सगळे बाप्ये उघड्या अंगानं अंगणात बसतात. मी बनियन घालून बसतो. अण्णा विचारतात, ‘‘उकडत न्हाई का रे?’’ मी म्हणतो, ‘‘नाही.’’