जावयाला फक्त पाणी

भोरला राहणारी माझी काकू आरोग्य खात्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावरही भोर-वेल्ह्याच्या गावांतल्या बायका तिच्याकडे येतात, फक्त आता दुखणं वेगळं असतं. नवऱ्याने आतून पोखरून टाकलेल्या बायका. सुट्टीच्या दिवशी मी काकूला स्कूटरवरून त्यांच्याकडे नेते. नव्या माणसांत मला पटकन बोलता येत नाही. काकू म्हणते, म्हणूनच तुला बरोबर घेते.

त्यांतलीच एक हिर्डोशीची ताई, माझ्याहून थोडी मोठी, तेव्हा माहेरी आलेली. सासर मार्गासनीच्या बाजूला. नवऱ्याने तिच्यावर कधी हात उचलला नव्हता, त्यामुळे काय होतंय ते तिला कुणाला सांगताच येत नसे. तो तिच्या आमटीत गुपचूप जास्तीचं मीठ टाकायचा आणि पाहुण्यांसमोर प्रेमाने विचारायचा, मीठ घातलेलं आज पुन्हा विसरलीस का? किल्ल्या लपवायचा, मग तिच्याबरोबर शोधायचाही. तिच्या भावाला फोन करून रडायचा, हिचं डोकं ठिकाणावर नाही, पण मी सांभाळीन. सगळ्या गावाला तो देवमाणूस वाटायचा. एकदा तिने त्याला मिठाच्या बरणीशी पाहिलं. तो नुसता हसला. ते हसणं आम्हाला सांगताना ती सारवलेल्या जमिनीकडेच बघत होती.

मी तिला एकदा सांगितलं, की दुसऱ्याचं दुखणं ज्यांना जाणवतच नाही अशा माणसांबद्दल मी बरंच वाचलंय. सायकोपॅथ हा शब्दही सांगितला, आणि तो तसा आहे की नाही ते डॉक्टरच ठरवतील, हेही. शब्दाशी तिला काही देणंघेणं नव्हतं.

"म्हंजी आनखी बायांनाबी असं झालंय?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. ती उठून चुलीपाशी गेली. त्या दिवशी ती पोटभर जेवली, असं तिच्या आईने नंतर काकूला सांगितलं.

आता भीती एकाच गोष्टीची होती. तो न्यायला आला तर ती पुन्हा जाईल का? याआधी ती दोनदा माहेरी आली होती, दोनदा परत गेली होती. दोन्ही वेळा तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. जावई आले म्हणून आईने पाणी दिलं, सतरंजी अंथरली, चहा केला, कोंबडी कापली. तो मानाने बसला, सगळ्यांशी गोड बोलला, आणि संध्याकाळी ताई पिशवी घेऊन त्याच्या गाडीवर मागे बसली. घर त्याच्या सरबराईत असताना मी जात नाही असं तोंडातून निघणार कसं?

काकूने ताईला काहीच शिकवलं नाही. तिने आईला विचारलं, जावई आला की तुम्ही पहिल्यांदा काय करता?

"पानी देते. पावन्याला द्यावंच लागतंय की."

"द्या की. आणि पाण्यानंतर?"

आईची नजर दारामागच्या सतरंजीकडे गेली. काकूने पुन्हा विचारलं नाही.

दिवाळीनंतर तो आला. आम्ही अंगणात नाचणीची कणसं बडवत होतो. भाऊ मागच्या खाचरात होता, हाकेच्या अंतरावर. ते काकूने आधीच सांगून ठेवलं होतं. पेढ्यांचा पुडा हातात घेऊन तो हसत आत आला. सासूला मामी म्हणत गुडघा कसा आहे, वासरू केवढं झालं, सगळ्याची चौकशी केली. मला इंग्रजीत विचारलं, शिकलात कुठे? सगळं माहीत असूनही मला जाणवलं, की माझ्या ओठांवर हसू यायला लागलंय. मी मान खाली घातली आणि काठी उचलली.

आई उठली. तांब्याभर पाणी आणून तिने ओट्याच्या कडेला ठेवलं. तो प्यायला आणि थांबला. सतरंजी दारामागच्या दांडीवर होती, आम्हा सगळ्यांना दिसत होती. आई त्या दाराकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग येऊन ताईच्या शेजारी बसली आणि कणसं पुढ्यात ओढली.

तो अंगणात उभाच राहिला. पेढे कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"चल, आवर," तो ताईला हळूच म्हणाला. "मोठ्या डॉक्टरला दाखवू. बरी हुशील."

"मी येत न्हाई. तुमी जावा."

तिचा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं त्याला ऐकूच गेला नसावा. तो आईकडे वळला. "बघा मामी, पुन्हा तेच. तुमीच सांगा हिला."

"तिनं सांगितलं की," आई म्हणाली.

त्याचा चेहरा एकदम रिकामा झाला. राग नाही, दुःख नाही, काहीच नाही. ताई काय बघत जगली ते मला तेव्हा दिसलं. मग त्याने हसू परत आणलं, काकूला नमस्कार केला आणि पेढ्यांसकट निघून गेला.

गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत कुणीच काठी उचलली नाही. मी काकूकडे पाहिलं. सगळा वेळ ती एका शब्दानेही मधे पडली नव्हती. जन्मभर गप्प बसत आलेल्या मलाही ते इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं.

समोरच्या घरातल्या बाईने ओट्यावरून विचारलं, "काय गं, जावई आलं आन् टेकलंबी न्हाईत? च्या तरी पाजायचास."

आता गावभर काय बोललं जाईल ते आईला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ताई तिच्याकडे बघत होती.

"पानी दिलं," आई म्हणाली. "कुनालाबी देतो, तेवढं."