गाऱ्हाणं आणि विम्याचा दावा

काही प्रकरणं अधिकाऱ्याच्या मनावर कायमची कोरली जातात, असं निवृत्तीच्या समारंभात सांगायची पद्धत आहे. मीही सांगितलं. ऐकणाऱ्यांना खून, दरोडा असं काही वाटलं असावं. माझ्या मनातून आजही न जाणारं प्रकरण मोटारीच्या विम्याचं आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. पालीकडच्या रस्त्यावर भाड्याने चालणाऱ्या एका गाडीने सुकी मासळी विकणाऱ्या बाईला मागून धडक दिली. बाईचा पाय मोडला. गाडी मालकाचा धाकटा भाऊ चालवत होता, असा त्याचाच जबाब. परवाना वैध, विमा चालू, कलम किरकोळ. टेबलावरच जामीन झाला.

मग ठाण्यात फोन आला. नाव न सांगता माणूस म्हणाला, "साहेब, गाडीवर थोरला होता. त्याचा परवाना सस्पेंड आहे."

खात्री केली. दारू पिऊन चालवल्याबद्दल थोरल्याचा परवाना काही महिन्यांसाठी निलंबित होता. त्याच काळात त्याने गाडीचा विमा मात्र रीतसर नवा केला होता. विमा गाडीचा असतो, तो मिळतो. अडचण दाव्याच्या वेळी येते. निलंबित परवान्याचा माणूस चालवत होता असं ठरलं, तर कंपनी जखमीला भरपाई देते आणि मालकाकडून वसूल करते. म्हणजे गाडी जाणार, आणि घर त्याच गाडीवर चालत होतं.

दोषारोपपत्र तयार होतं, सही तेवढी राहिली होती. मी फाईल उघडायचो, मिटायचो, उठून व्हरांड्यात फेऱ्या मारायचो. दोघे भाऊ आणि गावचा साक्षीदार, तिघांच्या जबाबात "अचानक आडवी आल्याने" हे शब्द जसेच्या तसे होते. मागून धडक बसलेली बाई आडवी कधी आली, हे कोणालाच सांगता येईना.

धाकट्याला एकट्याला बसवून विचारलं, बाईला दवाखान्यात कोणी नेलं? मीच, म्हणाला. टोपली? तीही गाडीत घेतली. टोपलीत काय होतं?

"भाजी असेल, साहेब."

थोरल्याला तोच प्रश्न विचारला. "सुके बोंबील. अजून वास जात नाही गाडीचा," तो सहज बोलून गेला. पण धाकटा हटेना. त्या वेळी आपण भानावर नव्हतो, एवढंच सांगत राहिला.

त्याचा जीव कशात अडकला होता, हे पुढच्या आठवड्यात समजलं. जयगडच्या बंदरावर तो क्रेनवर कंत्राटी होता. कायम करण्याआधी तिथून चारित्र्य पडताळणी मागवली गेली. भावासाठी घेतलेला गुन्हा आता त्याचीच नोकरी खाणार होता. खरं सांगावं तर भावाची गाडी जाते.

घटनास्थळाचा नकाशा पुन्हा तपासायला मी एका हवालदाराला घेऊन गावात गेलो. गावात कोणी नव्हतं, सगळे देवळात. आम्ही चपला काढून मागे उभे राहिलो. गुरव डोळे मिटून गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालत होता.

"बा महाराजा, ह्या लेकराचा लायसन सरकारनं थांबवलान. तरी त्यानं गाडी चालवलान, बाईला धडक दिलान. धाकट्यानं गुन्हा आपल्या अंगावर घेतलान. त्याची नोकरी ऱ्हाऊ दे. विमा पास होऊ दे. आणि पोलिसांचं ध्यान दुसरीकडं लाव."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. त्यात आमचा साक्षीदारही होता.

दोन-तीन जणांनी आम्हाला पाहिलं होतं. पण गाऱ्हाणं मध्येच थांबवत नाहीत.

पायरीवर थोरल्याला गाठलं. "देवापुढं सगळं खरं सांगितलंस?"

"देवापुढं खोटं कसं सांगणार, साहेब?"

"आणि ठाण्यात?"

"तिथं काय, तुम्ही लिहून घेता."

धाकटा तेवढ्यात म्हणाला, "दादा, आता बस झालं." थोरला तसाच जीपमध्ये येऊन बसला. त्याने नवा जबाब दिला, साक्षीदाराने आपला बदलला. सरकारी वकिलांनी देवळातला प्रकार कागदावर आणू नका म्हणून बजावलं, ते मी मानलं. बाईची तक्रार खरीच होती, तिच्या भरपाईचा दावा विमा कंपनीकडे गेला. खोट्या जबाबाबद्दल धाकट्याला न्यायालयात उभं राहावं लागलं, पण अपघाताचा गुन्हा त्याच्या नावावरून उतरला आणि बंदरावरची नोकरी टिकली. पुढे वसुलीपायी थोरल्याला गाडी विकावी लागली.

चौकशीच्या खोलीत माणूस खोटं बोलतो म्हणून तो खोटारडा ठरत नाही, एवढं मी या प्रकरणात शिकलो. खरं कुठे बोलायचं याची त्याची एक जागा असते आणि ती बहुधा आपलं ठाणं नसते. पुढच्या नोकरीत हे मी अनेक तरुण अधिकाऱ्यांना गंभीरपणे सांगितलं.

त्या दिवशी मी गावातून परतल्यावर त्याच देवळात माझ्या बदलीसाठी गाऱ्हाणं घातलं गेलं, असं हवालदाराने नंतर सांगितलं. बदलीचा आदेश निघाला तेव्हा विम्याचा दावा अजून प्रलंबित होता.