अल नहदातलं माहेर

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठला जबाब कुठल्या गुन्ह्यातला, हे कागद समोर असल्याशिवाय मला सांगता येणार नाही. शारजातली ती घटना मात्र मनात वेगळी राहिली आहे. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, आणि शेवटी बेड्या घातलेल्या आरोपीसोबत काढलेला फोटोही नव्हता. त्यातल्या माणसांची नावं मी लिहिणार नाही. काहीजण अजून तिकडेच राहतात.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. कोकणातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून मी खुर्चीत बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदार एका गृहस्थांना घेऊन आत आला. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. बसा म्हटलं तरी ते बसेनात.

"साहेब, जावई शारजाहून परत आला. मुलगी नाही आली."

"मग ती कुठे आहे?"

"तो म्हणतो, पळून गेली. साहेब, तिला सहावा महिना लागला होता. अशी बाई परक्या मुलखात पळून कुठे जाईल?" मग आवाज एकदम खाली आणून ते म्हणाले, "त्याने तिला मारलं असेल."

घटना परदेशातली, हद्द आमची नाही, असं सांगून त्यांना वाटेला लावता आलं असतं. पण माणूस रडत नव्हता. जे रडत नाहीत त्यांची तक्रार नीट ऐकावी, हे मी वरिष्ठांकडून शिकलो होतो. मिसिंग रजिस्टरला नोंद घेतली आणि जावयाला बोलावलं.

तो शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका गॅरेजवर फोरमन होता. मुलगी व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे गेली होती. गॅरेज बंद पडलं, नोकरी सुटली, आणि त्याच सुमारास एक दिवस बायको घर सोडून गेली, असं त्याचं म्हणणं. मी त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारलं. प्रत्येक वेळी त्याने तेच शब्द त्याच क्रमाने सांगितले. खरं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना अडखळतो, काहीतरी नवीन आठवतो, आधीचं दुरुस्त करतो. पाठ केलेला माणूस चुकत नाही.

"तिचा पासपोर्ट?"

"तीच घेऊन गेली असणार."

यापलीकडे तो सरकेना. पुरावा काहीच नव्हता. मी त्याला तालुका न सोडण्याची ताकीद देऊन घरी पाठवलं. त्यानंतर मुलीचे वडील रोज ठाण्यात येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसू लागले. काही विचारत नसत. दुपारी उठून जात.

योगायोग असा की त्याच दिवसांत फसवणुकीच्या एका गुन्ह्यातला आमच्या जिल्ह्याचा आरोपी शारजात सापडला आणि त्याचा ताबा घेण्यासाठी मला तिकडे पाठवण्यात आलं. निघताना पोलीस अधीक्षक म्हणाले, "जातच आहात, तर त्या मुलीचंही बघा. पण लक्षात ठेवा, तिथे तुम्ही पाहुणे आहात."

ते अगदी खरं होतं. तिथे मला वर्दी नव्हती, अधिकार नव्हता, भाषाही नव्हती. ताब्याचे कागद ज्या स्थानिक अधिकाऱ्याकडे होते ते वयस्कर होते आणि सुदैवाने उत्तम हिंदी बोलत. जुन्या पिढीतल्या तिथल्या बऱ्याच लोकांना हिंदी येते. रोज ते मला काळा चहा पाजत आणि सांगत, "बुकरा." म्हणजे उद्या. मग माझ्याकडे वेळच वेळ होता. संध्याकाळी मी आपली माणसं जेवायला जमतात अशा एका खानावळीत जाऊन बसू लागलो. साध्या कपड्यातला पोलीस खानावळीत जितकं ऐकतो, तितकं ठाण्यात कधी ऐकत नाही.

तिथे माझ्याच तालुक्यातला एकजण भेटला. दुबईजवळच्या जबल अलीतल्या एका कंपनीची कामगारांची बस चालवायचा. मुलीचा फोटो त्याने निरखून पाहिला.

"हिला नाही पाहिलं साहेब. पण एक सांगू? इथेच शारजात, अल नहदा भागात एका टॉवरमध्ये एक वसईची बाई राहते. तिच्याकडे पोटुशा बायका असतात. एक गेली की दुसरी येते. नवरे कुठे दिसत नाहीत."

"मग?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "लोक बोलतात, पोरं झाली की विकतात. माझ्या डोळ्यांनी नाही पाहिलं."

ती रात्र मला बरी गेली नाही. सकाळी मी स्थानिक अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा ग्लास बाजूला ठेवला. मग म्हणाले, "पहले तुम जाकर देखो. मेरी गाडी दरवाजे पर खडी हुई, तो अच्छे लोग भी डर जाएँगे. गुनाह मिले तो मुझे बोलो. मैं आता हूँ."

शुक्रवारी दुपारी मी गेलो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन, टॉवरमध्ये गारवा आणि कुणाच्या तरी घरातून मासे तळल्याचा वास. दार एका शाळकरी मुलीने उघडलं. "ममा इज इन द किचन, अंकल," म्हणाली आणि दार तसंच उघडं टाकून आत गेली.

मी उंबऱ्यातच थांबलो. जिथे माणसं कोंडलेली असतात तिथलं दार असं उघडं राहत नाही. आत शिरतानाच बायकांच्या चपलांची रांग होती, आणि किल्ली दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला टांगलेली. धाड टाकायला गेलो असतो तर या गोष्टी दिसल्याच नसत्या.

बाई हात पुसत बाहेर आल्या. पन्नाशीच्या, उंच, फ्रॉकवर एप्रन. एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर होत्या, हे नंतर कळलं. सगळे त्यांना आंटी म्हणत. मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "बसा. पाणी घ्या. उन्हातून आलात."

मी सरळ विचारलं, "तुमच्याकडे गरोदर बायका राहतात?"

"आता तिघी आहेत."

"त्यांची मुलं पुढे कुठे जातात?"

"आयांबरोबर जातात. दुसरी कुठे जाणार?" त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. "लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे, साहेब. बिल्डिंगमध्ये विचारा. तिसऱ्या मजल्यावर केरळची नर्स आहे, ड्युटी संपली की येऊन बीपी बघते. खाली ग्रोसरीवाला दूध पाठवतो. वरच्या फ्लॅटमधली बॅचलर पोरं डॉक्टरकडे नेतात-आणतात. चोरीचं काम एवढ्या लोकांना सांगून कोण करतो?"

हे सगळं सुरू कसं झालं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकदा कामावरून परतताना लिफ्टपाशी एक बाई बसलेली दिसली. दुसऱ्या दिवशीही तिथेच. "पहिल्या दिवशी मी लिफ्टने वर गेले. दुसऱ्या दिवशी जाववेना, तिला वर घरी आणलं. ती गेली, तर तिने कुणाला तरी सांगितलं. मग दुसरी आली. यात मी काय ठरवलेलं नाही."

मी खिशातून फोटो काढून टीपॉयवर ठेवला. आंटींनी तो पाहिला आणि लगेच उलटा घातला.

"हिच्या नवऱ्याने पाठवलंय तुम्हाला?"

"वडिलांनी."

आतल्या खोलीच्या दारात हालचाल झाली. ती तिथेच उभी राहून सगळं ऐकत होती. आठवा महिना सरत आलेला, एक हात चौकटीवर. फोटोतल्यापेक्षा बरीच वाळलेली, पण केस नीट विंचरलेले आणि अंगात धुवट, स्वच्छ गाऊन.

"बाबांनी?" ती म्हणाली. "बाबांना तर वाटतंय ना, मी पळून गेले?"

"ते रोज ठाण्यात येऊन बसतात," मी म्हटलं. "पळून गेलीस यावर त्यांनी एक दिवससुद्धा विश्वास ठेवला नाही."

ती खाली बसली. आंटींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मला खुणेने थांबायला सांगितलं. मी थांबलो. चौकशीत कधी बोलू नये हे कळायलाही काही वर्षं लागतात.

मग तिने सांगितलं. गॅरेज बंद पडल्यावर खोली सोडावी लागली. नवऱ्याने तिला याच टॉवरमध्ये एका ओळखीच्या माणसाकडे आणून सोडलं. 'तिकिटं काढून येतो' म्हणाला आणि आलाच नाही. त्या फ्लॅटमध्ये सगळे पुरुष राहणारे. त्यांनी एक खोली रिकामी करून दिली, पण तिला तिथे राहवेना. बॅग घेऊन ती खाली लॉबीत येऊन बसू लागली. आंटींनी तिला तिथूनच वर आणलं. काही दिवसांनी घरी फोन करायला गेली, तर फोन सासूने उचलला आणि म्हणाली, "तू पळून गेलीस हे गावाला कळलंय. तुझ्या बापाला आणखी काळं फासू नको." माहेरी फोन नव्हता. त्यानंतर तिने कुणालाच फोन केला नाही.

"पासपोर्ट कुठे आहे तुझा?"

"त्याच्याच बॅगेत. पहिल्यापासून त्याच्याकडेच होता."

मी तिथूनच उठलो, खाली जाऊन फोनचं कार्ड घेतलं आणि आमच्या ठाण्यातल्या उपनिरीक्षकाला फोन लावला. त्याला एवढंच सांगितलं, "जावयाला बोलव. ती सापडली असं सांग. आणि गप्प बस."

संध्याकाळी उपनिरीक्षकाने सांगितलं ते असं. ती सापडली म्हटल्यावर जावई टेबलावर डोकं टेकून बसला. पासपोर्ट घरी ट्रंकेत होता. तिचा व्हिसा संपलेला, दंड भरायचा, पोटात मूल, आणि हातात कंपनीने दिलेलं एकच तिकीट. घाबरून निघून आला. घरी जाऊन सोय करू आणि तिला बोलावू, असं मनाशी ठरवलं होतं. पण विमानतळावर आई-वडिलांनी विचारलं, सून कुठे, तेव्हा तोंडातून निघालं, पळून गेली. त्यानंतर रोज तेच सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातल्या फोनवर वडिलांना बसवलं आणि इकडून मी नंबर लावून रिसीव्हर मुलीच्या हातात दिला. ती "बाबा" म्हणाली. तिकडून आवाज आला, तो शेजारी उभ्या असलेल्या मलाही ऐकू आला. "तू ये. जशी असशील तशी ये." आंटी भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

पण लगेच येणं शक्य नव्हतं. एवढे दिवस भरलेल्या बाईला विमानात घेत नाहीत, आणि तिथे दवाखान्यात बाळंतपणाला लग्नाचा दाखला लागतो. दाखला आणि पासपोर्ट आमच्या तालुक्यातल्या रजेवरून परतणाऱ्या एका कामगाराबरोबर आले. ते घ्यायला विमानतळावर गेला तो मला बातमी देणारा बस ड्रायव्हर. कागद घेऊन तो आंटींच्या दारात बराच वेळ उभा राहिला. आंटी म्हणाल्या, "आत ये की." तो आत गेला. पुढे मी ऐकलं की दर शुक्रवारी तो त्यांच्याकडे मासळी पोचवायचा.

निघायच्या आधी आंटींनी मला जिन्यापाशी गाठलं. "साहेब, बाकीच्या दोघींचं काय लिहिणार? एकीजवळ काहीच कागद नाहीत."

मी म्हटलं, "माझ्याकडे एकच मिसिंग आहे."

स्थानिक अधिकाऱ्यांकडे शेवटचा गेलो तेव्हा त्यांनी विचारलं, "क्या मिला वहाँ?"

"किसी का घर है, साहब. और कुछ नहीं."

"तो फिर बात खलास." त्यांनी चहा पुढे केला. थोड्या वेळाने स्वतःहून म्हणाले, "बच्चा हो जाए तो लडकी को मेरे पास भेजना. व्हिसा का मामला मैं देख लूँगा, इन्शाल्ला." त्यांनी ते पाहिलंही. मी आरोपी घेऊन परत आलो. मुलगी झाल्याचं आम्हाला फोनवर कळलं. त्या दिवशी तिचे वडील सबंध ठाण्याला पेढे वाटून गेले.

ती आली तेव्हा जबाब द्यायला बाळाला घेऊनच ठाण्यात आली. सासरच्यांवर गुन्हा दाखल झाला. नवरा व्हरांड्यात उभा होता. त्याच्याकडे न पाहता ती मला म्हणाली, "साहेब, त्यांना मुलगी बघायची असेल तर बाबांच्या घरी यावं. दिवसा यावं, सगळ्यांसमोर. मी परत जाणार नाही." तसंच झालं. पुढे तिने शिवणाचा क्लास काढला. माझी बदली होईपर्यंत मी येता-जाता तिची पाटी पाहत असे.

मिसिंग रजिस्टरला मी 'सुखरूप मिळून आली' एवढं लिहिलं आणि प्रकरण बंद केलं. खात्याच्या दृष्टीने काम झालं होतं. पण ती मिळाली ती माझ्यामुळे नाही. मी पोचेपर्यंत तिला कुणीतरी राखलं होतं म्हणून मिळाली. एका बाईने दार उघडलं, आणि मग मजल्यामजल्यावरची माणसं आपापल्या परीने हात लावत गेली. तपास आम्ही शिकतो. माणसाला सापडेपर्यंत राखणं हे वेगळंच काम आहे, ते आमच्या कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

त्याआधी घरातून काढून दिलेली बाई ठाण्यात आली की मी दोन्ही बाजूंना बोलावत असे, समज देत असे आणि तिला त्याच घरी परत पाठवत असे. शारजाहून आल्यावर माझा पहिला प्रश्न बदलला. तू आज कुठे राहणार, हे मी आधी विचारू लागलो. प्रत्येक बदलीच्या गावात अशी एक-दोन घरं हेरून ठेवायची सवय लागली.

शेवटच्या नेमणुकीवर एके दुपारी अशीच एक आली. दिवस भरत आलेले, हातात कपड्यांची पिशवी, सासरच्यांनी दार लावून घेतलेलं. ठाण्यामागच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई एकट्याच राहत. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं होतं. महिला शिपायाला बरोबर घेऊन मी तिला तिकडे नेलं. मुलगी दारातच थबकली आणि आपली हकिकत सांगू लागली. बाईंनी तिच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं.

"आत ये," त्या म्हणाल्या. "पाय वर घेऊन बस. ते सगळं नंतर सांग."

तिने पिशवी खाली ठेवली. मी दारातूनच परत फिरलो.