रंग खाल्लेलं पाणी

त्या परीक्षेत मी पहिला आलो होतो, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

आमच्या कंपनीकडे चेन्नईच्या दक्षिणेकडच्या काही वस्त्यांना पाणी पुरवायचं काम आहे. पिण्याचं पाणी हाताळणाऱ्या प्रत्येकाकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, असा नियम आला. नियम चांगलाच. परीक्षा मात्र शोळिंगनल्लूरच्या एसी ऑफिसात, कॉम्प्युटरवर आणि सगळी इंग्रजीत. मी चाळीसपैकी चाळीस मिळवले, प्रमाणपत्राला फ्रेम केली आणि ती टेबलावर अशी ठेवली की चहा घेऊन येणाऱ्यालाही वाचावी लागेल.

अक्का नापास झाल्या. अक्का म्हणजे चेन्नईजवळच्या कोवलमच्या अलीकडच्या टाकीवरच्या ऑपरेटर. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. घर मैलापूरला, घराणं तंजावरकडचं मराठी. इंग्रजी प्रश्न वाचता येईनात आणि माउस हातात ठरेना, म्हणून त्यांनी निम्मा पेपर कोराच ठेवला होता. लगेच पत्र निघालं: आजपासून कुठल्याही वॉल्व्हला हात लावू नये, महिनाअखेरीस टाकी सोडावी. त्यांच्याकडून ताबा घ्यायचा आणि तसा अहवाल लिहायचा, हे काम माझ्याकडे आलं. पहिला नंबर ना!

मी गेलो तेव्हा अक्का पंपघराच्या पायरीवर बसल्या होत्या. शेजारी पितळी डबा, हातात ते पत्र.

"सार, तुम्ही मराठी ना? मग हें पत्र मराठींत सांगा. इंग्रजींत ऐकलें तर खोटें वाटतें."

मी सांगितलं. त्यांनी पत्राची घडी करून डब्याखाली ठेवली.

"परीक्षा नको असें मी कधीं म्हटलें नाहीं, सार. टाकीवर घ्या म्हटलें. पाणी इथें आहे, आणि परीक्षा तिथें कशाला?"

मी साहेबी हसलो. त्यांच्या मराठीतही दोन-तीन दुरुस्त्या सुचवल्या. आज ते आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

सकाळी आठला वस्तीचं पाणी सुटायचं. त्याआधी क्लोरिन सोडणं आणि तपासणं माझ्याकडे होतं. क्लोरिनच्या द्रावणाचा नवा कॅन आदल्या दिवशी आला होता. तो मी थेट पंपाला जोडला. अक्कांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं. हात लावू नये असं पत्रात होतं, बोलू नये असं नव्हतं. पण मीच मघाशी म्हणालो होतो, "बघत राहा, शिकायला मिळेल."

थोड्या वेळानं टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, तपासणीची गोळी टाकली. क्लोरिन असेल तर पाणी गुलाबी होतं. क्षणभर गुलाबी झालंसं वाटलं आणि नळी परत स्वच्छ, रंगहीन.

"शून्य!" मी जाहीर केलं. "क्लोरिनच नाही. वाढवायला हवं."

मी पंपाचं बटण आणखी पुढे फिरवायला गेलो.

"हात काढा!"

मी हात काढला. बावीस वर्षांत त्या कुणावर ओरडल्या नसतील, असा तो आवाज होता.

"सार, तुमचे डोळे झोंबत नाहींत? वास येत नाहीं?"

वास येणार कुठून? ऑफिसातल्या एसीनं चार दिवस नाक बंद होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, तेही मी सर्दीच्याच खात्यावर टाकलं होतं.

अक्कांनी माझ्या बॅगेतली पाण्याची बाटली काढली. झाकणानं मोजून एक झाकण टाकीचं पाणी, नऊ झाकणं बाटलीचं. त्यातलं नळीत भरलं, गोळी टाकली. नळी गडद गुलाबी झाली.

"नवा कॅन आला कीं मी त्यांत आधीं पाणी मिसळतें. तुम्ही तसाच जोडला. क्लोरिन इतकें झालें कीं त्यानें रंगच खाऊन टाकला. तुम्ही म्हणतां शून्य!"

आठला दहा मिनिटं होती. खाली रस्त्यावर रंगीत प्लॅस्टिकच्या घागरींची रांग लागली होती. आठला पाणी आपोआप सुटणार, म्हणजे मोठा वॉल्व्ह आत्ताच हातानं बंद करायला हवा होता. मी चाक धरलं, सगळं वजन टाकलं. हललं नाही.

"मला हात लावायची परवानगी नाहीं," अक्का शांतपणे म्हणाल्या.

"अक्का, प्लीज!"

"उलटें फिरवतां आहांत." त्यांनी मला बाजूला सारलं. पदर खोचला आणि चाक बंद केलं. "पत्र फाडायचें कीं नाहीं तें मग पाहूं. शरि, तंबी, आतां निचऱ्याचा वॉल्व्ह उघड."

शरि म्हणजे बरं, तंबी म्हणजे धाकटा भाऊ. सार गेलं, तंबी आलं. तुम्हीचं तू झालं. मी निचऱ्याच्या वॉल्व्हकडे पळालो.

टाकी रिकामी करून भरेपर्यंत दुपार झाली. घागरीवाल्या बायका अक्कांनाच शिव्या देऊ लागल्या, तेव्हा मी पायरीवर उभा राहिलो आणि माझ्याकडच्या एकूण तमिळपैकी निम्मं तमिळ खर्च केलं: "एन् तप्पु दान!" चूक माझीच. एक बाई म्हणाली, चेहऱ्यावरून वाटलंच होतं. हे भाषांतर अक्कांनी न मागता करून दिलं.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला.

"ती बाई तिथं होती ना? प्रमाणपत्र नसलेल्या माणसानं वॉल्व्ह हाताळला. लिही तसं. तूही सुटतोस."

"त्यांनी हाताळला नसता तर वस्ती ते पाणी प्यायली असती."

"अहवाल तूच लिहिणार आहेस. विचार कर."

"केलाय. नळी मी चुकीची वाचली, कॅन मी चुकीचा जोडला. चाकसुद्धा मी उलटं फिरवलं. सगळं लिहितोय."

"तुझी नोकरी नकोशी झालीय का?"

"हवीय ना, सर. पण हा अहवाल बदलणार नाही. दुसरा हवा असेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्या, त्याला मी माझा जोडून पाठवीन."

फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. रात्रीच अहवाल गेला. शेवटी मी दोन मागण्या लिहिल्या: प्रमाणपत्र हवंच, पण परीक्षा टाकीवर, तमिळमध्ये, हातात नळी देऊन घ्या. आणि सगळ्यात आधी माझी घ्या. सोबत फ्रेममधून काढलेलं माझं प्रमाणपत्र परत पाठवलं.

तीन आठवडे गेले. महिना संपायला दोन दिवस उरले असताना परीक्षक टाकीवर आले. अक्कांनी सगळं करून दाखवलं. वर परीक्षकांनाच विचारलं, "तुम्हांस कुणी शिकवलें?" पास. त्यांची टाकी त्यांच्याकडेच राहिली.

मी नापास. गोळी बोटांनी उचलली; ती पाकिटातून थेट नळीत टाकायची असते.

आता दर शनिवारी मी अक्कांकडे शिकायला जातो. माझी फेरपरीक्षा पुढच्या महिन्यात आहे. अक्कांनी एकच अट घातलीय: "तंबी, सर्दी असली तर येऊं नकोस."