फोटोत न दिसलेली मुनिया

आमच्या ह्यांना लाल आणि हिरवा यातला फरक दिसत नाही, हे मला लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी कळलं. पिशवीभर कच्चे टोमॅटो घेऊन आले आणि वर म्हणतात कसे, "बघ, काय पिकलेत!" मी कपाळावर हात मारला. त्यात हा माणूस तळ्यावर पाहुण्यांना पक्षी दाखवून पोट भरतो! "कुणाजवळ बोलू नकोस," ते म्हणाले. सव्वीस वर्षं मी तोंडाला कुलूप लावलं.

मग यंदा नवा नियम आला. परवाना नसेल त्यानं एक तारखेपासून तळ्यावर पाहुणे न्यायचे नाहीत, आणि परवान्यासाठी परीक्षा. पडद्यावर फोटो दाखवणार, ह्यांनी नाव सांगायचं. त्रेपन्नाव्या वर्षी यांना दुसरं काम कोण देणार? भिंतीत खिळा ठोकायला सांगितला तर बोट ठेचून घेतात.

महिनाभर मी रंग पाठ करून घेतले. हळद्या पिवळा. खंड्याची चोच लाल. हे पाढ्यासारखं म्हणायचे आणि मधेच चिडायचे. "अगं, हळद्या उडताना वर-खाली, वर-खाली जातो. रंग कशाला बघायचा?"

"परीक्षेत तो कुठं जाणार नाहीये," मी म्हणायचे. "गुमान पाठ करा."

परीक्षेला घरच्यांना मागच्या बाकांवर बसू देत होते. मी नवा लाल स्वेटर घालून पहिली जाऊन बसले. परीक्षक बाई आमच्या लेकीच्या वयाच्या, पण चेहरा असा की हसणं घरी ठेवून आल्यात.

सुरुवात झकास झाली. माळावरची कापशी, रानातला तांबट, चिखलातला तुतवार, हे फटाफट सांगत गेले. टिटवी आणि माळटिटवी शेजारी शेजारी आल्या तिथं आधीचे दोघं घसरले होते. हे म्हणाले, "छाती काळी ती टिटवी. जिच्या डोक्यावर काळी टोपी ती माळटिटवी." मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

आणि मग आला शेवटचा फोटो. हिरवंगार पाणगवत, मधोमध लालचुटूक मुनिया. मला मागच्या बाकावरून चष्म्याशिवाय दिसली. हे बघतायत, बघतायत. मान वाकडी करून बघतायत.

"मॅडम, यात पक्षी कुठाय?" ते म्हणाले. "नुसतं गवत आहे. पांढरं बी धरलंय त्याला."

मुनियेच्या अंगावरचे ठिपके ते! हॉलमध्ये हशा पिकला. शेजारच्या बाकावरचा एक जण जरा जास्तच हसत होता, त्याच्याकडे मी असं बघितलं की बिचाऱ्यानं खाली बघून बुटाची नाडी बांधायला घेतली.

बाई मात्र हसल्या नाहीत. हातातला कागद वरपासून खालपर्यंत वाचून म्हणाल्या, "काका, एवढे पक्षी ओळखलेत, पण लाल-हिरवा हे शब्द एकदाही तोंडातून आले नाहीत."

महिनाभर घोकलेलं सगळं पाण्यात! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पकडलं होतं.

"चला माझ्याबरोबर तळ्याच्या बांधावर," बाई म्हणाल्या.

मला फाटकाशीच अडवलं. झुडपांच्या रांगेपुढं मी येरझाऱ्या घालत होते. एक तारखेपासून काय, शिवणकाम वाढवू का, लेकीला फोन करू का, आणि माझंच चुकलं का, आधीच खरं सांगून टाकायला हवं होतं का. तासभर असलंच डोक्यात.

मग बांधाच्या पार टोकाला दोन माणसं दिसली. त्यातल्या एकानं तिथूनच मला दोन्ही हात वर करून दाखवले.

"वाऱ्यानं सगळं गवत एका बाजूला झुकलं होतं," जवळ आल्यावर बाई सांगायला लागल्या. "मी दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत काका म्हणाले, ते पातं उलटं हललं, तिथं मुनिया आहेत. मला दिसायला पाच मिनिटं लागली."

"फोटोतली हलत नव्हती ना," हे पुटपुटले.

"मॅडम, मग परवाना?" मी विचारलं.

"पक्षी ओळखता आला पाहिजे, एवढंच नियमात आहे. कशावरून, ते कुठं लिहिलंय?" आणि त्यांनी कागदावर सही केली.

माझा जीव भांड्यात पडला. तिथंच फाटकाला धरून रडले, लाज सोडून रडले. आता कुणापासून काही लपवायचं नव्हतं.

बाई मात्र एकदा माझ्या स्वेटरकडे, एकदा मागच्या झुडपांकडे बघत होत्या. "काका, एक कळत नाही. यांचा स्वेटर लाल, मागे सगळं हिरवं. एवढ्या लांबून या तुम्हाला दिसल्या कशा?"

हे पहिल्यांदाच मोकळं हसले. "अहो मॅडम, ही बाई तासभर एका जागी उभी राहील का?"