नानांच्या कानावरची बिडी

माझे वडील दादाभाऊ रोज बिडीचं एक बंडल संपवतात आणि तरीही शिवनेरीच्या पायऱ्या गप्पा मारत चढतात. त्यांचे सख्खे भाऊ चिमाजी, म्हणजे आमचे नाना. नानांनी जन्मात बिडी ओढली नाही, पण पन्नाशीच्या आतच त्यांना अंगणातून गोठ्यापर्यंत जाताना मध्ये टेकावं लागायचं.

"देवानं पत्ता चुकवला," वडील चिडवायचे. "माझा दमा तुझ्याकडं टाकला."

मी नानांना पुण्याला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितलं, फुप्फुसांना जपणारं एक द्रव्य यांच्या अंगात जन्मापासूनच फार कमी आहे. दोष आईबाप दोघांकडून आलाय. भाऊ सुटला असेल. "मुलीकडं तो थोडा तरी गेलेला असणारच. तिचं रक्त तपासा, तिला धुरापासून जपा."

नानांच्या रुपालीला तेव्हाच तळेघरचं स्थळ आलं होतं. परतताना नानांनी माझा हात धरला. "घराण्यात रोग हाय म्हणलं, की पोर घरातच बसंल. तू बोलायचं न्हाई."

पाहुणे आले, तेव्हा नाना कानावर बिडी खोचून बसलेले. हातातली दुसरी उलटी धरलेली. मी कसंबसं हसू दाबलं. त्यांची धाप बघून पाहुण्यांनी विचारलंच.

"काय सांगू पावणं, लई वाईट व्यसन!"

पाहुणे निश्चिंत झाले. व्याही व्यसनी चालतो.

नानांची अट एकच, पोरीचा स्वयंपाक गॅसवर. शेगडी, टाकी त्यांनीच दिली. तिच्या रक्ताची तपासणी मात्र राहिली. केली असती तर गावभर झालं असतं.

पुढं सगळे नानांना बिडीवरून बोलायचे, वडीलही. नाना हसायचे, मग हसण्यानंच धाप लागायची. या पौषात ते गेले.

महिन्याभरानं मी तळेघरला गेलो. रुपाली चुलीपुढं वाकून फुंकणी फुंकत होती, खोकत होती. शेगडी फडताळात, तिच्यावर विणलेला रुमाल, शेजारी नानांचा फोटो.

"गॅस संपला का गं?"

"भरलेला हाय. नानांची आठवण ती, दादा. रोज वापरून काळी करू व्हय?"

तिच्या सासूबाई हसल्या. "बापानं बिड्या फुकल्या, अन् लेकीला चुलीचा धूर सोसंना!"

मी रुपालीच्या हातातली फुंकणी काढून घेतली.

"नानांनी बिडी कधीच ओढली नाही," मी म्हणालो.

सासूबाईंचं हसू थांबलं. मी शेगडीवरचा रुमाल काढला आणि बाकीचं सांगायला खाली बसलो.