साक्याचा आंबा मीच कापला

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं आंब्याच्या कलमांखाली शिकलो आणि त्याचा ताठा मला आजही आहे. माल विकायला बोलावं लागत नाही, अशी माझी समजूत. बाजारात आम्ही रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचो. शेजारी उभ्या माणसालाही कळत नसे. आपल्या मालाची खोड आपल्याच तोंडानं सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता.

तो माझ्या घरातच निघाला. मुलगी पुण्याची नोकरी सोडून बाग बघायला आली. मोठ्या शहरांतल्या दुकानांना थेट आंबा द्यायचं तिच्या मनात होतं. मिरजोळ्याला एका हॉलमध्ये खरेदीवाले येणार होते, त्यांच्यासमोर बोलायला तिला वीस मिनिटं मिळाली होती. महिनाभर ती शेडमध्ये रिकाम्या पेट्यांसमोर उभी राहून, मोबाइलवर वेळ लावून बोलत होती.

"पेट्या माना डोलावतात काय गो?" मी विचारलं.

"डोलावत नाहीत, पण मध्ये बोलत पण नाहीत."

निघताना म्हणाली, "बाबा, विचारलं तरच बोला हां."

"चौथी शिकलेल्या बापाची लाज वाटते?"

"वाटली असती तर सोबत नेलं असतं काय?"

हॉलमध्ये ती छान बोलली. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. मग पडद्यावर साक्याच्या आंब्याचा भला मोठा फोटो आला. वरून सोन्यासारखा, आत पांढरा, भुसभुशीत, आंबट. "हा दोष आमच्या बागेतही येतो," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं. उठून ओरडलो, "आमच्या बागेत साका नाय!"

"बाबा, बसा. पुढचं ऐका."

ऐकलं नाही. टेबलावर मांडलेल्या आमच्या आंब्यांतलं एक फळ उचललं, खिशातला चाकू काढला आणि सगळ्यांसमोर कापलं.

आत साका.

कोणी हसलंसुद्धा नाही. पुढच्या रांगेतल्या एकानं वही मिटली. तिनं पुढचा फोटो लावला. ऊन चढायच्या आत काढणी, प्रत्येक पेटीवर झाडाचा नंबर, साका निघाला तर पेटी बदलून. पण तिचा आवाज बसला होता. तिच्या तोंडी जो खरेपणा होता, तो माझ्यामुळे पकडलेली चोरी झाला. ऑर्डर दुसऱ्या बागायतदाराला गेली.

परतताना गाडीत मी म्हटलं, "त्या एसीत फळ बिघडलं." ती गाडी चालवत राहिली. आंबा कापला त्याहून ते वाक्य मला जास्त डाचतं. साका झाडावरच पडतो, हे मला तिच्या जन्माआधीपासून ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात शेडमधून परत तिचा आवाज आला. दुसरे खरेदीवाले येणार आहेत. मी दाराबाहेर उभा राहिलो. साक्यापाशी आली आणि थांबली. पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथंच थांबली.

माफी मागावी म्हणून आत गेलो. जमलं नाही, जन्मात कधी मागितलेली नाही. एक पेटी उलटी करून तिच्यासमोर बसलो.

"परत सांग."

"मध्ये बोलणार नाही?"

खिशातला चाकू काढून तिच्या हातात दिला. तिनं तो लॅपटॉपशेजारी ठेवला आणि बोलायला लागली. साक्याचा फोटो आला, तशी माझ्याकडे बघत थांबली. मी मान खाली घातली, तेव्हा कुठे पुढचं वाक्य आलं.